स्टाफरूमची कार्ड-भिशी

किस्से आणि क्रेडिट कार्डाची बाकी, दोन्हींचं वागणं एकच. आपण म्हणतो, संपलं एकदाचं! आणि पुढच्या महिन्यात बघावं तर होतं त्याहून वाढलेलं. आमच्या स्टाफरूममधले किस्से असेच साचत गेले. परवा नणंद म्हणाली, "वहिनी, ते कार्डवाले सगळे एका जागी लिहून काढा ना." मी म्हटलं, बाई गं, मी बायोलॉजी शिकवते. बेडकाचं हृदय फळ्यावर काढ म्हणशील तर डोळे मिटून काढते, हे लिहिण्याचं काम माझं नाही. पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण?

तर आमचा क्लास अमरावतीत, राजापेठकडे. अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षांचा. दुसऱ्या मजल्यावर स्टाफरूम, त्यात सहा खुर्च्या आणि एक कूलर. तो हवा कमी देतो, भाषण जास्त करतो. तिथे मी, म्हणजे गावंडे मॅडम. गणिताचे ढोले सर, तापट माणूस, हिशोबात एकदम पक्का असा आमचा समज. रिसेप्शनवरची रूपाली, ऑफिसातले दोघं. आणि फिजिक्सचे वानखडे सर.

वानखडे सर मूळ अकोल्याचे, तेव्हा तिथूनच रोज गाडीनं येणं-जाणं करायचे. बायको ज्योतीताई तिथेच शाळेत शिक्षिका, मुलगी चिऊ तिसरीत. सोन्यासारखा माणूस हो! खोट एकच. या माणसाला "नाही" म्हणता येत नाही. कोणालाच नाही. कशालाच नाही.

*

सुरुवात मात्र ढोले सरांपासून झाली.

बारावीच्या वर्गात सर चक्रवाढ व्याज शिकवत होते. मागच्या बाकावरच्या एका पोट्ट्यानं हात वर केला. "सर, क्रेडिट कार्डाचं बिल नुसतं मिनिमम भरत राहिलं तं ते फिटते कवा?"

"सोपं आहे," सर म्हणाले आणि खडू घेतला. एक फळा भरला. पुसून दुसरा भरला. मग मुलांनी बाजूच्या वर्गातला चाकाचा फळा ओढून आणला, तोही भरला. कर्ज काही संपेना! मुलं हसायला लागली. पण सर हसेनात. कपाळावर घाम. खडू खाली ठेवला आणि मधेच वर्ग सोडून स्टाफरूममध्ये आले.

"काय झालं सर? तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"मॅडम," पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा करून ढोले सर म्हणाले, "मी कालच मिनिमम भरलं!"

त्या दिवशी स्टाफरूममध्ये एकेकाचं पाकीट उघडलं. रूपालीनं मोबाइलसाठी कार्ड घेतलेलं. ऑफिसातल्या दोघांनी एकमेकांचं बघून. मी घेतलं होतं फुकट ट्रॉली बॅग मिळते म्हणून. त्या बॅगचं चाक दर्यापूरच्या स्टँडवर निखळलं, कार्डाचे हप्ते मात्र चालूच होते. सगळ्यांत मोठी बाकी निघाली वानखडे सरांची. आकडा ऐकून कूलरसुद्धा मिनिटभर गप्प बसला.

"सर, एवढं काय घेतलं हो तुम्ही?" मी म्हटलं.

"माह्यासाठी? काईच नाही!" सर म्हणाले. आणि ते खरं होतं.

*

वानखडे सरांबरोबर हॉटेलात जेवायला गेलेला माणूस आजवर स्वतःच्या खिशात हात घालू शकलेला नाही. आपल्याकडे बिलासाठी काउंटरवर ओढाताण होतेच. "मी देतो, मी देतो," मनगट धरतात, शर्टाची बटणं तुटतात. वानखडे सरांनी त्यावर तोडगा काढला होता. जेवण मागवायच्या आधीच वेटरच्या हातात कार्ड!

एकदा बडनेरा रोडला आम्ही सगळे जेवलो. बिल आलं ते दुप्पट. ढोले सर खवळले, वेटरला बोलावलं. वेटर म्हणाला, "साहेबानं बाजूच्या टेबलाचंबी द्याले सांगतलं."

"काहून?" ढोले सर ओरडले.

"अहो, ते लोक मूर्तिजापूरचे निघाले," वानखडे सर हळूच म्हणाले. "गाडीत त्या काकानं मले एकदा खिडकीची जागा देल्ली होती."

पण शेवटचा घाव बसला तो फ्रिजचा. मेव्हण्याच्या लग्नात मेव्हणा सहज म्हणाला, "भाऊजी, आहेर-बिहेर काही नको, आशीर्वाद द्या. फ्रिज तेवढा आमी सावकाश घेऊ." एवढं पुरे होतं! दुसऱ्या दिवशी दारात डबल डोअर फ्रिज. कार्डावर, अर्थातच. ज्योतीताईंना कळलं ते बिलाच्या मेसेजवरून. सख्ख्या भावाला फ्रिज मिळाला म्हणून बहीण खूश होईल असं सरांना वाटलं होतं. बिचारे!

ज्योतीताई भांडल्या नाहीत. रडल्या नाहीत. सरांच्या हातात त्यांचं अंथरूण-पांघरूण बांधून दिलं आणि म्हणाल्या, "अमरावतीले खोली करून राहा. कार्डाची बाकी फेडा. अन् ज्या दिवशी तुमाले एका तरी माणसाले नाही म्हनता येईन, त्या दिवशी हे बिस्तर घेऊन घरी या. तोवर रविवारचे पाव्हण्यावानी या, जेवा अन् जा."

सरांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे. उतरेल. पावसाळा गेला, दिवाळी तोंडावर आली, सर खोलीवरच. दर रविवारी अकोल्याला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

एका सोमवारी आले तेव्हा हसत हसत सांगत होते, "चिऊ लय चलाख झाली मॅडम! काल मले म्हनते, पाव्हने, चहा घेता का?" आम्ही हसलो. तेही हसले. मग उठून स्टाफरूमचा कोराच फळा पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं, या माणसाला घरी पोचवायचं.

*

तेवढ्यात वसुलीवाला आला.

सरांचा एक हप्ता चुकला होता. दुपारी रूपाली धावत वर आली, "सर, खाली बँकेचा मानूस आला! चष्मा काळा, आवाज मोठा!" आम्ही सगळे गारठलो. तो जिना चढून दारात उभा राहिला. "वानखडे कोन आहे?"

"मीच! या ना भाऊ, उन्हाचे दारात काहून उभे राहिले?" वानखडे सर उठले. स्वतःची खुर्ची दिली, कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवलं, पाणी दिलं. मग आपल्याकडे जे होतं ते झालं. "कोनतं गाव तुमचं?"

गावाचं नाव निघालं की वऱ्हाडात नातं निघेपर्यंत कोणी थांबत नाही. वसुलीवाला निघाला दर्यापूरकडचा. त्याची बायको कोणत्या गावची? नेमकी वानखडे सरांच्या आईच्या माहेरची! सरांचा चेहरा उजळला. "अरे बाप्पा! म्हनजे तुमी तं आमचे जवाई!"

आता गावचा जावई पहिल्यांदा दारात आला. त्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? खालून गिला वडा आला, चहा आला. ऑफिसातल्या एकाला पिटाळून टॉवेल-टोपी आणि नारळ आणवलं. वसुलीवाल्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि रूपालीच्या हातून कुंकू लावलं. त्या टॉवेल-टोपीचं बिल कोणत्या कार्डावर गेलं ते मला विचारू नका.

जाताना जिन्यात तो वसुलीवाला मला म्हणाला, "मॅडम, मी साहेबाले सांगतो, या पत्त्यावर दुसरा मानूस पाठवा. आता मी इथं पैसे मागाले आलो तं बायको घरात नाही घेनार."

*

मग मी भिशी काढली. भिशी चालवायचा आम्हा बायकांचा हात बसलेला असतो. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव निघेल त्यानं ती सगळी रक्कम सगळ्यांच्या देखत कार्डाच्या बाकीत भरायची. साडी नाही, मिक्सर नाही, काही नाही. आणि बाकी शून्य होईपर्यंत कार्डं जप्त!

कार्डं ठेवायची कोणाकडे? आमच्यातल्या कोणावर आमच्यातल्या कोणाचा विश्वास नव्हता. शेवटी मी म्हटलं, माझ्या सासूबाईंकडे. सासूबाई मूर्तिजापूरला एकट्या राहतात आणि भल्याभल्यांना दारातून परत लावतात. सगळी कार्डं एका रुमालात बांधून मी त्यांच्याकडे दिली.

"हे काय व?" सासूबाईंनी विचारलं.

"यात पैसे असतात आई."

"कोनाचे?"

"बँकेचे."

"मंग बँकेनं नाही का सांभाळावं?" म्हणाल्या आणि रुमाल देवघरात ठेवून दिला.

पहिली चिठ्ठी निघाली वानखडे सरांची. आम्ही टाळ्या वाजवल्या! मला तर वाटलं, देवालाच काळजी. इतक्यात ढोले सर नुसतं म्हणाले, "नशीबवान आहे बाप्पा तुमी. माह्या कार्डाची तं तारीख उद्याच आहे."

झालं! "मंग तुमी घ्या ना सर!" वानखडे सर म्हणाले.

"खरंच घेऊ?"

"घ्या हो! तुमची अडचन ते माही अडचन."

आणि ढोले सरांनी घेतले! तोंड वर करून घेतले! दोघांना मी असं काही झापलं की खालच्या वर्गातली मुलं चिडीचूप झाली. ढोले सर म्हणाले, "मॅडम, मी नुसतं विचारलं होतं. त्यानं नाही म्हनाचं होतं ना!"

इथेच तर सगळं घोडं अडलं होतं.

*

ढोले सरांना शिक्षा मात्र माझ्या सासूबाईंनी दिली. ठरवून नाही.

मोबाइलवर कुठलासा मोठा सेल लागला. लॅपटॉप निम्म्या किमतीत, फक्त त्या दिवशी संध्याकाळपर्यंत. ढोले सरांना राहवेना. मला न सांगता सकाळची गाडी पकडून मूर्तिजापूर गाठलं आणि सासूबाईंच्या दारात उभे.

"काकू, माहं कार्ड पायजे होतं."

"काहून?"

"सेल लागला आहे."

"काय विकून राहिले?"

"विकत नाही काकू, घेऊन राहिलो."

"बरं. ऊन लय आहे. पयले जेवून घ्या."

ढोले सर घड्याळ बघत बसले. सासूबाईंनी वरण-बट्टी केली. वांग्याची भाजी केली. बट्टीवर तूप ओतलं, हात आडवा घातला तर हातावर ओतलं. "अजून एक घ्या. माह्या हातची पडून राहीन काय?" चौथ्या बट्टीनंतर सरांना बोलता येईना. मग सासूबाईंनी कूलरसमोर खाट टाकली. "जरासक आंग टाका."

सर उठले तेव्हा अंगणात दिवा लागला होता. सासूबाई तुळशीपुढून आल्या, रुमालाची गाठ सोडून कार्ड समोर धरलं. "झाली झोप? आता न्या तुमचं."

सेल संपून बराच वेळ झाला होता. ढोले सरांनी कार्ड परत रुमालात ठेवलं आणि दोन बट्ट्या डब्यात बांधून घेऊन आले.

*

ढोले सरांची बाकी सगळ्यांच्या आधी फिटली. फिटणारच, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर! नियमाप्रमाणे त्यांचं कार्ड मी वाजतगाजत परत आणून दिलं. सर म्हणाले, "आता फक्त गरजेपुरतं वापरीन," आणि त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन मिक्सर आणायला गेले.

दुकानदारानं मशीनमध्ये कार्ड घातलं. चालेना. उलटं घातलं, सुलटं घातलं. मग चष्मा लावून जवळ धरलं आणि एकदम कपाळाला लावलं! चिपवर तेलात कालवलेलं कुंकू आणि वर दोन अक्षता चिकटलेल्या. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी सगळ्या कार्डांची साग्रसंगीत पूजा केली होती.

ढोले सरांनी दुकानातूनच मूर्तिजापूरला फोन लावला. "काकू! तुमी कार्डाले कुंकू लावलं! खराब झालं ना ते!"

"खराब कायचं?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "लक्ष्मी आहे ते. घरात बसली पायजे. तुमी तिले बजारात काहून फिरवून राहिले?"

बायको दुकानातच हसत सुटली. मिक्सर राहिला. ते कार्ड आता ढोले सरांच्या देवघरात आहे.

*

राहिले वानखडे सर. त्यांनी सकाळची जादा बॅच घेतली, बुलेट विकली, जुन्या स्कूटीवर फिरायला लागले. ढोले सरांनी पश्चात्ताप म्हणून बँकेशी भांडून भांडून थकबाकीचे हप्ते पाडून घेतले. भिशीच्या दुसऱ्या फेरीत आम्ही सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या सरांना दिल्या, आणि सरांनी जादा बॅचच्या पैशातून एकेकाचे पैसे परतही केले. पैशाचा प्रश्न सुटत चालला होता हो. पण "नाही"चं काय?

म्हणून आम्ही सरांची शिकवणी लावली. रोज मधल्या सुट्टीत. मी डस्टर कानाला लावून बँकेची बाई व्हायचे. "सर, आपके लिए स्पेशल ऑफर है, नया कार्ड भेज दूँ?"

"नको मॅडम..."

"शाब्बास!"

"...पन तुमी एवढ्या आपुलकीनं सांगून राहिल्या तं ऐकून घेतो."

"सर!"

"अहो तिले वाईट वाटंन ना!"

"तिला वाईट वाटत नाही, तिला पगार मिळतो!" मी डस्टर आपटलं.

आठवडाभर हेच. मग माझ्या डोक्यात आलं की आपण विषय शिकवतो कोणता? मी सरांना सांगितलं, "गरम तव्याला बोट लागलं की हात मेंदूला विचारत बसतो का? आपोआप मागे येतो. प्रतिक्षिप्त क्रिया! तसंच करायचं. 'पाहिजे का', 'करू का', 'देऊ का' असं काहीही कानावर पडलं की विचार करायचाच नाही. एका श्वासात म्हणायचं, नको, गरज नाही, धन्यवाद! आणि फोन ठेवायचा."

ढोले सर म्हणाले, "हे बरोबर आहे. सूत्र पाठ करा, समजाच्या भानगडीत पडू नका."

मग सगळा क्लास कामाला लागला. रूपाली जाता-येता विचारायची, "सर, पेन देऊ का?" "नको, गरज नाही, धन्यवाद!" ऑफिसातले विचारायचे, "सर, खिडकी उघडू का?" "नको, गरज नाही, धन्यवाद!" चुकले की त्या दिवशीचा चहा बंद. हळूहळू चुका थांबल्या. चहावाल्यानं "कट देऊ का सर?" म्हटलं तरी तोंडातून तेच निघायचं. मग सर त्या केटलीकडे अशा नजरेनं बघायचे की आम्हालाच पाझर फुटायचा.

*

औषध जरा जास्तच लागू पडलं.

क्लासची सहल कौंडण्यपूरला गेली होती. देवळात दर्शन झालं. पुजाऱ्यानं प्रसादाचा हात पुढे केला, "साहेब, प्रसाद देऊ?"

"नको, गरज नाही, धन्यवाद!"

मागे उभ्या पोरी फिसकन हसल्या. पुजाऱ्यानं प्रसाद सरांच्या हातावरच ठेवला. मग म्हणाला, "घ्या भाऊ. याच्यावर व्याज नाही लागत!"

ते तरी देवाच्या दारात होतं, निभावलं. पण निकालानंतर आमचे डायरेक्टर सर स्वतः स्टाफरूममध्ये आले. हा माणूस पगाराचं नाव काढलं की फोन आल्यासारखं करून बाहेर जातो. त्या दिवशी काय लहर आली कोण जाणे. वानखडे सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वानखडे, फिजिक्सचा निकाल मस्त लागला. यंदा तुमचा पगार वाढवू का?"

मी खुर्चीतून उठेपर्यंत उशीर झाला होता.

"नको, गरज नाही, धन्यवाद!"

डायरेक्टर सरांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले! सरांना घेऊन ते तसेच खाली गेले आणि हॉलमध्ये निकालासाठी जमलेल्या पालकांसमोर जाहीर केलं, की असा निःस्वार्थी शिक्षक आमच्याकडे आहे. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते, वानखडे सर घाम पुसत होते. नंतर मी आणि ढोले सर केबिनमध्ये जाऊन सगळी हकीकत सांगून आलो. डायरेक्टर सर म्हणाले, "आता सगळ्यांसमोर बोललो ना मी! माझ्या शब्दाची काही किंमत आहे की नाही?" लय रडारड केल्यावर निम्मी वाढ मिळाली.

तेवढ्यासाठी सरांचं घरी जाणं दोन महिने लांबलं. दोन महिन्यांचे रविवार ते पुन्हा पाहुण्यासारखे गेले आणि आले. रागानं मी स्वतःलाच बोलले, की कोणत्या मुहूर्तावर या माणसाला शिकवायला गेले!

*

शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी शनिवार होता. दुपारी सरांच्या फोनवर मेसेज आला. बाकी शून्य. कार्ड बंद झाल्याचा दुसरा मेसेज पाठोपाठ. सरांनी तो आधी स्वतः वाचला, मग मला वाचायला दिला, मग ढोले सरांना. रूपालीनं पेढे आणले. सासूबाईंना मूर्तिजापूरला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "त्याले म्हना, आता घरी जा म्हना. खोलीचं भाडं काहून भरून राहिला?"

"लावा फोन अकोल्याला!" आम्ही सगळे म्हणालो. "स्पीकरवर!"

सरांनी फोन काढला. मी बघितलं, टेबलाखाली ते अंथरुणाचं गाठोडं. सकाळीच खोलीवरून बांधून आणलं होतं, कोणाला न सांगता.

फोन चिऊनं उचलला. "आई, बाबाचा फोन!"

मग ज्योतीताई. "हं. बोला."

"ज्योती... झालं. बाकी शून्य. कार्ड बंद."

कूलर कोणीतरी बंद केला होता. फोनमधून त्यांच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"सगळं फिटलं?"

"सगळं."

"कोनाकडून उसने नाही ना घेतले?"

"नाही. मॅडमले इचार."

"नाही हो ताई, स्वतःचे भरले!" मी ओरडले.

मग ज्योतीताईंचा आवाज जरा हळू झाला. "मंग... आजपासून घरीच राहाची सोय करू का तुमची?"

"नको, गरज नाही, धन्यवाद!" वानखडे सर म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

रूपालीच्या हातातला पेढा हातातच राहिला. सरांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. "मॅडम," एवढंच म्हणाले. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ढोले सर "फोन लावा! फोन लावा!" म्हणून नाचायला लागले. सर लावायला गेले तर बोटं भलतीकडेच.

इतक्यात फोन वाजला.

सरांनी उचलला. स्पीकर चालूच होता. तिकडून चिऊचा आवाज. "बाबा, आईले काय झालं? ते भिंतीले टेकून हसून राहिली, अन् डोये पुसून राहिली."

"चिऊ, बेटा, आईले फोन दे..."

"तिले बोलताच नाही येऊन राहिलं. ते म्हनते, बाबा पास झाले. म्हनते, बिस्तर घेऊन या." मग चिऊनं स्वतःच विचारलं, "बाबा, तुमाले घ्याले मी स्टेशनवर येऊ का?"

वानखडे सरांचं तोंड उघडलं.

ढोले सरांनी टेबलावरून झेप घेतली, सरांच्या तोंडावर हात दाबला आणि फोनमध्ये स्वतःच ओरडले, "ये बेटा, ये! संध्याकाळच्या गाडीनं येऊन राहिले!"